कामापुरतं कोरियन

"कोरियन यायला किती दिवस लागतात गं?" पँटची शिवण उसवता उसवता आईने विचारलं. गुरुवारची दुपार होती. आईच्या दुकानात कपडे आखूड करणं, चेन बदलणं, अशी दुरुस्तीची कामं चालत. लेक समोरच्या स्टुलावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. ती कोरियनची दुभाषी. संध्याकाळी नवशिक्यांचे वर्गही घ्यायची. हा प्रश्न तिच्याकडे इतक्यांदा यायचा की उत्तर तिने लिहूनच ठेवलं होतं. मान वर न करता तिने ते म्हणून दाखवलं, "लिपी चार दिवसांत, जुजबी बोलणं सहा महिन्यांत, नीट बोलायला दोन वर्षं."

"दोन वर्षं! मला काय तिथल्या कोर्टात उभं राहायचंय?"

"नेहमीच्या प्रश्नांचा कागद दिलाय ना तुला? वाच की."

"वाचला. मालिका बघून भाषा येते का? थोडी येते. आकडे दोन तऱ्हांचे का? आहेत बुवा. क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. पण सुनेला अहो-जाहो करायचं की अगं-तुगं, ते कुठेय त्यात?"

"ते पुढे. आधी अक्षरं. तुझी व्यंजनं राहिलीत अजून."

अक्षरं आल्याशिवाय वाक्य द्यायचं नाही, हा तिचा नियम. पोपटपंची करणाऱ्यांचा तिला मनस्वी राग. आईलाही आपण सवलत दिली नाही, याचा तिला थोडा अभिमानच वाटायचा.

"पँट आखूड करायला आलेल्या गिऱ्हाइकाला मी सूट शिवायला बसवत नाही हो, मास्तरीणबाई," आई हसत म्हणाली. "मला कामापुरतं हवंय. एकच वाक्य."

कुठलं ते लेकीला पक्कं ठाऊक होतं.

सहा वर्षांपूर्वी कोरियात नोकरीला गेलेल्या दादाने तिथल्याच मुलीशी परस्पर लग्न ठरवलं, तेव्हा आई रुसली आणि लग्नाला गेली नाही. दुकानाचं निमित्त सांगितलं. वहिनीने मात्र कधी तोंड वाकडं केलं नाही. दर रविवारी सकाळी, दादा कामावर असताना, तिचा व्हिडिओ कॉल यायचा आणि लेक मध्ये बसून इकडचं तिकडे करायची. अशाच एका रविवारी आई म्हणाली, "तिला सांग, रागाच्या भरात लग्नाला आले नाही. चुकलं माझं." लेकीने वहिनीला सांगितलं, "आई म्हणतेय, तब्येतीला जपा."

कामावर तिने कधी कुणाचा एक शब्द गाळला नव्हता. घरी मात्र तिला वाटलं, सगळं सुरळीत चाललंय, कशाला खपली काढायची? आणि खरं सांगायचं तर पडद्यावर दोघी रडायला लागल्या असत्या नि मध्ये तिची पंचाईत झाली असती. आईने तेच आणखी दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा लेकीने तब्येतीवर निभावून नेलं.

नजरेने कापड मोजणारी बाई ती. "मी हातभर बोलले, तू वीतभरात कसं उरकलंस गं?"

"कोरियन आटोपशीर असते."

पुढच्याच आठवड्यात आईने अक्षरांची वही मागितली.

आणि आता ही एका वाक्याची मागणी. "रविवारी बघू," लेक म्हणाली. आईने "बरं" म्हणत पँट मशीनखाली सरकवली.

शनिवारी पहाटे आई झोपेतच गेली. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. दादा येऊन सगळं उरकून परत गेला. लहान मूल तापाने फणफणलेलं, म्हणून वहिनीला येता आलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी नेहमीच्या वेळेला तिचा कॉल आला. लेक दुकानात लोकांचे कपडे परत करायला काढून ठेवत होती. तिने फोन मशीनला टेकवून उभा केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर वहिनी थांबली.

"एक विचारू? खरं सांगा. आई शेवटपर्यंत माझ्यावर रागावलेल्या होत्या का?"

"छे, मुळीच नाही." हे उत्तर लेकीच्या जिभेवर तयार होतं, छोटंसं आणि नीटनेटकं. ती ते गिळून स्टुलावर बसली.

"वहिनी, आईने तुमची माफी मागितली होती," ती कोरियनमध्ये म्हणाली. "लग्नाला आली नाही म्हणून. एकदा नाही, तीनदा, तुमच्यासमोर. मी ते तुम्हाला सांगितलंच नाही. तिला माझा संशय आला, म्हणून ती स्वतः शिकायला बसली. तिला ते एकच वाक्य हवं होतं. दहा मिनिटांत आलं असतं. मी तिला अक्षरं गिरवायला लावली."