नाकाशी धरलेलं कापड

मित्रांनो, केनवडच्या बेबीबाईंच्या घरात लोखंडी कपाटामागे एक जुनी तसबीर भिंतीकडे तोंड करून उभी आहे. ती मी. माझ्या काचेखाली आठ-नऊ वर्षांची एक विलायती मुलगी खिडकीशी बसून शिवते आहे. मान खाली आणि कापड अगदी नाकाशी. माझं मूळ चित्र एकोणिसाव्या शतकात सातासमुद्रापार कुणीतरी रंगवलं. त्या काळच्या चित्रकारांना शिवणाऱ्या पोरींचं भारी वेड होतं म्हणतात.

माझा स्वतःचा जन्म मात्र छापखान्यातला. रिसोडच्या फुलचंद शेठनी आपल्या दोरे-बटनांच्या दुकानाचं कॅलेंडर काढलं, त्याच्या पानापानावर अशीच जुनी चित्रं. जानेवारीतली मुलगी सुईत दोरा ओवत होती. मेमधली थोरली बहीण धाकटीला टाके शिकवत होती. जुलैमधली उंबऱ्यावर बसून बापाचा सदरा सांधत होती. सगळ्या गोऱ्यागोमट्या, शांत. बारा जणींत एकीचंही बोट टोचलेलं नव्हतं! मी नोव्हेंबर. वर्ष संपल्यावर माझ्या अकरा बहिणी वह्यांची कव्हरं झाल्या. मला बेबीबाईंनी काचेत बसवलं आणि आपल्या शिवणक्लासमध्ये, बाबासाहेबांच्या फोटोच्या समोरच्या भिंतीवर टांगलं.

ते दिवस माझ्या थाटाचे. क्लासला नवी मुलगी आली की बेबीबाई आधी माझ्याकडे बोट दाखवायच्या.

"पाह्य, इवलीशी पोरगी, पन कशी तल्लीन झाली! ध्यान असं पाह्यजे."

मी कौतुकाने फुगून जायचे. तल्लीन म्हणजे काय, हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

मग सपना आली. बेबीबाईंच्या बहिणीची, लिलाबाईंची मुलगी. आई शेतात सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला जायची, म्हणून दुसरीतली सपना शाळा सुटल्यावर मावशीकडे बसायची. आधी ती ब्लाउजला हुक लावायला शिकली, मग तुरपाई. टाका असा बारीक की मोठ्या बायांनी हेवा करावा. आणि शिवताना कापड नाकाशी धरायची.

"हे तं चित्रातलीच पोरगी हाय व!" बाया म्हणायच्या. सपना लाजून मान आणखी खाली घालायची. दर वर्षी ते कापड थोडं थोडं तिच्या डोळ्यांजवळ सरकत होतं. मी भिंतीवरून पाहत होते आणि मला तो माझाच मान वाटत होता.

शाळेत मात्र तिचं काही खरं नव्हतं. फळ्यावरचं उतरवून घेत नाही, विचारलं तर गप्प बसते, अशा तक्रारी यायच्या. पाचवी झाल्यावर एका दुपारी लिलाबाई क्लासात येऊन डोळे पुसत बसल्या.

"काय करू व बेबी? सर म्हनतात, पोरीचं ध्यानच नाही."

"मंग कायले रोज बोलनं ऐकून राह्यली? डोकं नाही चालत तिचं, पन हाताले गुन हाय. राहू दे माह्यापाशी." आणि बेबीबाईंनी माझ्याकडे हात केला. "हे पाह्य, हे कोनत्या शाळेत गेली होती?"

दोघी हसल्या. सपना हसली नाही. तिने दप्तर मशीनखाली सरकवलं आणि अर्धा राहिलेला ब्लाउज उचलला. त्या दिवशी समोरच्या भिंतीवरच्या बाबासाहेबांकडे माझ्याने बघवेना.

पुढे दीडेक वर्षाने बेबीबाईंनाच सुईत दोरा ओवता येईना. शिरपूरला डोळे तपासायचं शिबिर लागलं, तेव्हा त्या सपनाला सोबतीला घेऊन गेल्या. परत आल्या त्या संध्याकाळी त्यांनी लिलाबाईंना बोलावून घेतलं.

"माह्यं काही नाही व, वयाचं हाय. हिचेच डोळे गेले," बेबीबाईंनी सांगितलं. "डॉक्टरनं सहज तक्त्यासमोर बसवली, तं हिले वरचं मोठं अक्षर बी दिसेना. उजव्याले चश्मा चालन म्हने. डावा आता अधूच राहीन. लहानपनीच आनाले पाह्यजे होती, म्हने."

लिलाबाईंनी सपनाचा चेहरा उजेडाकडे वळवला. "अन् सर म्हनत होते, ध्यान नाही."

"मी तं म्हनत होती, लई ध्यान हाय."

मित्रांनो, त्या घरात कुणी दुष्ट नव्हतं. जीव लावणारी माणसं होती, तरी एवढं झालं. बेबीबाईंनी स्टुलावर चढून मला खिळ्यावरून काढलं आणि कपाटामागे ढकललं. मला राग आला नाही. मला तिथेच ठेवायला हवं होतं.

सपनाला जाड काचांचा चष्मा लागला. ती पुन्हा शाळेत जाते, आपल्याहून लहान मुलांत बसते. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. डाव्या डोळ्यापुढचं धुकं काही जायचं नाही.

गेल्या महिन्यात घर रंगवायला काढलं. सपनाने कपाट सरकवलं, मला बाहेर घेतलं आणि ओढणीने काच पुसली. इतकी वर्षं माझ्या समोर बसून तिने मला कधी धड पाहिलंच नव्हतं. तिच्यासाठी मी भिंतीवरचा एक डाग होते. ती मला उजेडात धरून बघत राहिली.

"मावशी, हिले बी दिसत नाही व."

बेबीबाईंच्या हातातला रंगाचा ब्रश थांबला.

"पाह्य ना, कापड कसं नाकाले लावलं हिनं. हिच्या मायले कोनी सांगितलं नाही काय?"

बेबीबाईंनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला. रंग वाळल्यावर मी परत कपाटामागे गेले, तोंड भिंतीकडेच.

माझ्या काचेखालच्या मुलीला खरंच कमी दिसत होतं का, हे आता कोण सांगणार? चित्रकार नाही, ती मुलगीही नाही. पण माझ्याकडे बघून 'किती गोड' म्हणणारे पुष्कळ भेटले, आणि तिच्या डोळ्यांची चौकशी केली ती फक्त सपनाने. म्हणून मित्रांनो, तुमच्या शेजारचं कुणी पुस्तकात नाक खुपसून बसत असेल, फळ्याकडे बघताना डोळे बारीक करत असेल, तर त्याला ढ म्हणू नका आणि हुशारही म्हणू नका. जवळ जाऊन विचारा, तुला नीट दिसतं का? आम्हा दोघींना, सपनाला आणि मला, हे कुणी वेळेवर विचारलं नाही.