दोन सूर्यांचं विमान

"हे विमान नाही, भाऊ. पापलेट आहे," सुहास ओव्हाळने मोबाइल परत देत म्हटलं.

बाजीराव हसले नाहीत. औंढ्याच्या माजी सरपंचाशी असं बोलायची गावात कुणाची टाप नव्हती. आणि इथे लोणावळ्यात, वलवणच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, बर्म्युडा घातलेला एक माणूस त्यांना पाणीसुद्धा न विचारता बोलत होता.

"पोरांनी एआयवर बनवलंय. अर्ध्या मिन्टात झालं," ते म्हणाले.

"तरी वेळ फुकटच गेला."

मोबाइलवर एक तरुण हाताची घडी घालून लढाऊ विमानापुढे उभा होता. अंगात वैमानिकाचा पोशाख, डोळ्यांवर काळा गॉगल. विमानावर ऊन उजवीकडून पडलं होतं, तरुणाच्या चेहऱ्यावर डावीकडून. दोघांच्या सावल्या भांडण झाल्यासारख्या विरुद्ध दिशांना पळत होत्या.

"औंढ्यात दोन सूर्य उगवत असतील तर मला माहीत नाही," सुहास म्हणाला.

"त्याच्यासाटनंच आलो. एक जन म्हनला, सावली चुकलीय. तेवढी नीट करा अन् मोठं करून द्या. फ्लेक्स लावायचाय. सुरजचं, माझ्या पुतन्याचं, पयलं पुण्यस्मरन हाय."

सावली नीट करा! हल्ली सुहासकडे येणारं काम एवढंच उरलं होतं. वीस वर्षं तो संगणकावर विमानं रंगवत होता. परदेशातल्या खेळण्यांच्या खोक्यांवर, दिनदर्शिकांवर त्याची विमानं उडाली होती. पत्र्यावरचा एकेक रिव्हेट तो उन्हाच्या हिशेबाने चमकवायचा. आता तीच गिऱ्हाइकं यंत्राकडून चित्रं काढून घेत आणि याला फक्त चुका पुसायला पाठवत. त्यामुळे जगाविषयीची त्याची मूळचीच तुच्छता आता पार वर चढली होती. टायगर पॉइंटवर धुक्याचे फोटो काढणारे पर्यटक, 'कोणतं ॲप वापरता?' विचारणारे शेजारी, फ्लेक्सवाले, कॅलेंडरवाले, सगळे त्याच्या लेखी आंधळे होते. हे तो त्यांना सांगायचाही.

"पुतण्या वैमानिक होता?"

"व्हय. हवाई दलात."

"न्हाई," बाजीरावांच्या शेजारी बसलेली बाई पहिल्यांदाच बोलली. सुरजची आई, चंपाबाई. "इमानाखाली असायचा त्यो. चाकं बघायचा. मालाच्या मोठ्या इमानाची."

"वैनी, तेच ते," बाजीराव पुटपुटले.

"आणि गेला कसा?"

"सुट्टीवर आलता. डेंग्यू झाला."

डास चावून गेलेल्या मेकॅनिकला गावाने वैमानिक करून टाकलं होतं. सुहासला अगदी किळस आली. "ही घाण मी दुरुस्त करत नाही," तो म्हणाला. "मावशी, तुमच्याकडे त्याचा एखादा फोटो असेल तर द्या. मी खरं चित्र काढतो."

चंपाबाईने आपल्या मोबाइलमधला फोटो दाखवला. अंगणात मोटरसायकलपाशी उकिडवा बसलेला, मान एका बाजूला वाकडी केलेला, फोटो काढतायत याचं भानही नसलेला एक मुलगा.

सुहास कामाला लागला. बऱ्याच महिन्यांत त्याने असं काम केलं नव्हतं. चार पंख्यांचं अवजड मालवाहू विमान, वर दुपारचा सूर्य, आणि पंखाच्या सावलीत चाकापाशी उकिडवा बसलेला सुरज. सावली म्हणजे काळा रंग फासणं, असं समजणाऱ्यांना तो चित्रकार म्हणतच नसे. पंखाखालच्या अंधारात कडेकडेने आकाशाचा निळा शिरलेला असतो. तापलेल्या काँक्रीटवरून उलटलेलं ऊन विमानाच्या पोटाला खालून पिवळसर करतं. तोच उजेड त्याने सुरजच्या हनुवटीखाली, गालाच्या हाडावर, पाना धरलेल्या बोटांवर आणला. अगदी थोडा. असतो तेवढाच.

"चेहरा नीट दिसत नाही," त्याची बायको यशोधरा चहा ठेवताना म्हणाली.

"भर दुपारी पंखाखाली चेहरा असाच दिसतो."

"आणि आईला कसा दिसतो?"

"तुला कळत नसेल तर बोलू नकोस."

"बरं," ती म्हणाली. हे वाक्य तिने लग्नापासून इतक्यांदा ऐकलं होतं, की आता त्यावर ती रागावतही नसे.

छापून फ्रेम केलेलं चित्र न्यायला बाजीराव एकटेच आले. चित्र लांब धरून, जवळ धरून त्यांनी पाहिलं. "पोरगं काळं पडलंय ओ. थोडं उजळ न्हाई का व्हनार?"

"तुम्ही डोळे तपासून घ्या," सुहास म्हणाला आणि त्याने दार लावून घेतलं.

पुण्यस्मरणाला जायची यशोधराची इच्छा नव्हती. सुहासला मात्र जायचंच होतं. आपलं चित्र लोक कसं बघतात ते त्याला बघायचं होतं. त्यांना ते कळणार नाही, याचीही त्याला खात्री होती.

औंढ्यात देवळापुढे मांडव पडला होता. कीर्तन संपत आलं होतं. आणि व्यासपीठामागे, मांडवाच्या छतापर्यंत, तेच पापलेट लावलं होतं! दोन सूर्य, दोन सावल्या, काळा गॉगल. एवढं मोठं केल्यावर आता विमानाच्या शेपटीवरची अक्षरंही दिसत होती, आणि ती जगातल्या कुठल्याच लिपीतली नव्हती. खाली ठळक लिहिलं होतं: वीर वैमानिक.

"एवढ्या माणसांत एकालाही डोळे नाहीत," सुहास दात खात म्हणाला.

"लोक जेवायला आलेत. तुम्ही कशाला आलात?" यशोधरा म्हणाली.

तो ताडकन उठला आणि देवळाशेजारच्या चंपाबाईच्या घराकडे निघाला. त्या बाईला तरी विचारायलाच हवं होतं.

चंपाबाई आतल्या खोलीत एकटीच बसली होती. भिंतीवर एक नवा खिळा होता, त्याला काही टांगलेलं नव्हतं.

"मावशी, माझं चित्र कुठाय?"

तिने कपाटाकडे बोट केलं. कपाटाआड, जुन्या लुगड्यात गाठ मारून बांधलेली फ्रेम भिंतीला टेकवली होती.

"आवडलं नाही तर तसं सांगायचं," सुहासचा आवाज चढला. "त्या बाहेरच्या सोंगापेक्षा—"

"लावलं व्हतं," ती म्हणाली. "हितंच. त्यो असाच बसायचा ओ. मान अश्शीच. म्या भाकरी घिऊन आले अन् म्हनलं, ऊठ, हात धू." तिने खिळ्याकडे पाहिलं. "भाकरी हातातच ऱ्हायली. तवापासनं बांदून ठिवलंय."

सुहासने फ्रेमवरची गाठ सोडायला घेतलेला हात मागे घेतला.

"आणि बाहेर जो लावलाय तो?" त्याने विचारलं.

"त्यो कोन हाय मला ठावं न्हाई. म्हनून तर त्याच्याकडं बघता येतं. समदे हात जोडत्यात, मी बी जोडते." तिने डोळ्यांना पदर लावला नाही. "तुमी हे घिऊन जा. घरात हाय म्हनलं की घास उतरत न्हाई. पन टाकू नगा."

तो बोचकं काखेत धरून बाहेर आला तेव्हा माइकवर बाजीराव बोलत होते. "...आन् हे एवढं भव्य चित्र ज्यांच्या हातनं घडलं, ते लोणावळ्याचे थोर चित्रकार सुहास ओव्हाळ सर आपल्यात हायेत. सरांनी पुढं यावं."

माना वळल्या. टाळ्या सुरू झाल्या.

ते माझं नाही. एवढंच वाक्य होतं आणि ते ओठांपर्यंत आलं होतं. आयुष्यभर त्याने याहून क्षुल्लक चुकांवर माणसांची चारचौघांत सालटी काढली होती. पण मग कुणीतरी विचारलंच असतं, तुमचं कुठाय? हे बोचकं सुटलं असतं. सगळ्या गावासमोर तो मुलगा मान वाकडी करून बसला असता, आणि चंपाबाई आता घराच्या उंबऱ्यात येऊन उभी होती.

सुहास व्यासपीठावर चढला. बाजीरावांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली. "डोळे तपासले बरं का, सर," ते कानाशी लागून म्हणाले आणि त्यांनी नारळ पुढे केला. सुहासने तो एका हाताने घेतला.

"सर, दोन्ही हातांनी घ्या," खालून फोटो काढणारा ओरडला. "ते गाठोडं ठेवा की बाजूला."

"नाही," सुहास म्हणाला आणि काखेतली फ्रेम आणखी घट्ट धरून फोटोसाठी उभा राहिला.