बुधवारची खुर्ची

"सिस्टर, पान उलटलं नाहीत तुम्ही," शिंपीणबाई म्हणाल्या.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसलेल्या सगळ्यांच्या माना सिस्टरच्या खुर्चीकडे वळल्या. कादंबरीतला तरुण डॉक्टर एव्हाना वादळात होडीतून नदी ओलांडून, भिजक्या कपड्यांनी वॉर्डात शिरून, एका म्हाताऱ्याचा पाय वाचवायला बसला होता. एवढी सगळी धावपळ झाली आणि पुस्तक मात्र जिथे उघडलं होतं तिथेच उघडं होतं. सिस्टरचा अंगठासुद्धा पानावरून हलला नव्हता.

शिंपीणबाईंना वाचता येत नव्हतं. त्या ऐकताना वाचणाऱ्याच्या हातांकडे बघत बसायच्या, एवढंच.

"उलटते की," सिस्टर म्हणाली आणि तिने पान उलटलं. एक सोडून दोन पानं उलटली गेली, हे शिंपीणबाईंनी पाहिलं आणि शेजारच्या न्हाव्यानेही पाहिलं.

इस्पितळातली नोकरी संपल्यावर सिस्टरने दर बुधवारी दुपारी इथे मोठ्याने वाचायला सुरुवात केली होती. ग्रंथपालबाईंनी आधी रिकामं कपाट हलवून जागा करून दिली, मग पंखा दिला. न्हावी यायचा, कारण बुधवारी त्याचं दुकान बंद. शिंपीणबाई शिलाईचं काम सुनेवर टाकून यायच्या. निवृत्त ट्रक ड्रायव्हर बायको गेल्यानंतर यायला लागला. सुरुवातीला तो दाराशी बसून कुणाशी अवाक्षर न बोलता उठून जायचा. एखादं माणूस बुधवारी दिसलं नाही, तर न्हावी संध्याकाळी त्याच्या घरी डोकावून यायचा. आजारी असेल तर निरोप सिस्टरकडे जायचा, आणि ती जाऊन नाडी बघून, दोन शब्द सुनावून परत यायची. तिचं घर म्हणजे जाऊ आणि ती. वाट बघणारी माणसं होती ती या खोलीतच. खुर्ची गेली तर इथे आपलं काय काम, हा विचार तिने मनात कधी पुरा होऊ दिला नव्हता.

पण डोळे गेले होते. पुरते नव्हे, कडेचं दिसायचं, पण जिकडे रोखून बघावं तिथे करडा डाग यायचा, आणि अक्षरं नेमकी त्या डागात असायची. तेव्हा ज्या जावेशी तिचं उभ्या जन्मात पटलं नव्हतं, तिच्यासमोर ती पुस्तक घेऊन बसू लागली. जाऊ दर मंगळवारी प्रकरण वाचून दाखवायची. वाचताना टोमणे मारायची, पण वाचायची. सिस्टरला एकदा ऐकलं की पुरे व्हायचं. पाळी बदलताना वीस खाटांचा हालहवाल तोंडी सांगण्यात तिची हयात गेली होती. या आठवड्यात जावेच्या मुलीला बरं नव्हतं म्हणून ती तिकडे गेली आणि प्रकरण ऐकायचं राहिलं. सिस्टरने वेळ मारून न्यायचं ठरवलं. वॉर्डातल्या गोष्टी तिच्याकडे पोत्याने होत्या.

"खरं सांगा सिस्टर," न्हावी म्हणाला, "त्या म्हाताऱ्याचा पाय वाचतो का?"

"तो म्हातारा पुस्तकात नाहीच."

"नाहीच?" न्हाव्याचं तोंड एवढंसं झालं. "अहो, माझा जीव टांगणीला लागला होता!"

कुणीतरी हसलं. सिस्टर हसली नाही. "मला दिसत नाही," ती म्हणाली. "वर्ष होत आलं. दुसरं कुणीतरी बघा आता." तिने पुस्तक खुर्चीवर ठेवलं, पिशवी काखेला लावली आणि ती दाराकडे निघाली.

"आणि निघालात कुठे?" शिंपीणबाईंनी तिचा पदर धरला. "मला वाचता येत नाही म्हणून इथून कुणी उठवलं का मला? बसा गपचूप."

सिस्टर शेजारच्या खुर्चीवर बसली. वाचायचं कुणी, यावर कुजबुज झाली. न्हावी वाचायला लागला की मागे कुत्रं लागल्यासारखा पळतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी ड्रायव्हर उठला. त्याने चष्मा पुसला, खुर्चीत बसून चुकलेलं पान शोधून काढलं आणि अरुंद बोळातून ट्रक मागे घ्यावा तसं एकेक शब्द जपत वाचायला लागला.

सिस्टरला वाईट वाटलं आणि रागही आला. स्वल्पविरामावर थांबायचं नसतं इतका वेळ, असं तिच्या ओठांवर आलं होतं. न्हावी जांभई देत होता. पुस्तकातला खरा डॉक्टर होडीत बसलाच नव्हता. तो पहाटे घरी पोचला होता आणि आईच्या खोलीचं दार ढकलत होता.

"'आई झोपली होती,'" ड्रायव्हरने वाचलं. "'त्याने खाली बसून तिचा हात हातात घेतला. हात...'"

तो थांबला. त्याने परत "हात" म्हटलं आणि पुस्तक मांडीवर टेकवलं. त्याची बायकोही एका सकाळी अशीच त्याच्या शेजारी सापडली होती, हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं. जांभई देणारा न्हावी सरळ बसला. राहू दे, पुरे आजचं, असं म्हणायला ग्रंथपालबाई दारातून पुढे झाल्या.

सिस्टर त्यांच्याआधी उठली. खुर्चीची पाठ चाचपून ती ड्रायव्हरच्या बाजूला उभी राहिली आणि वाकली.

"काय लिहिलंय?"

"नाही जमत हो सिस्टर."

"मोठ्याने नका वाचू. मला सांगा फक्त. इथे, कानात."

त्याने कानात सांगितलं. सिस्टर ताठ उभी राहिली. वॉर्डाच्या दाराशी थांबलेल्या माणसांना ज्या आवाजात तिने आयुष्यभर सांगितलं होतं, मोठा नाही, हळूही नाही, त्याच आवाजात ती म्हणाली, "'हात गार होता.'"

शिंपीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"पुढे," सिस्टर म्हणाली.

ड्रायव्हरने नाक ओढलं आणि ओळीवर बोट ठेवलं. ती पुन्हा वाकली.