कोते की हेरा

ओकोनोमियाकी करायला अक्कल लागत नाही, असं ओसाकाबाहेरच्यांना वाटतं. कोबी चिरा, पिठात कालवा, तव्यावर ओता. वाटू दे बापड्यांना.

त्या रविवारी दुपारी माझी लेक चिहारु होणाऱ्या नवऱ्याला घेऊन जेवायला आली. ओकिमोतो नाव, गाव हिरोशिमा. उंच, शांत, आणि दारातच मला "आई" म्हणून मोकळा.

"अजून वेळ आहे त्याला," मी म्हटलं.

लग्नाला माझी हरकत नव्हती. राहणार कुठे, तेवढंच मला ऐकायचं होतं. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. चिहारु हिरोशिमाला गेली तर ह्या घरात आवाज करणारी आम्ही दोघंच, मी आणि फ्रीज. पण कधीही विचारा, तिचं एकच उत्तर. "अजून ठरलं नाही गं." सहा महिने हेच ऐकत होते.

टेबलावर विजेचा तवा तापला. कोबी, अंडं, तळणीचा चुरा, किसलेला कंद घातलेलं पीठ, सगळं मी वाडग्यात कालवायला घेतलं. तेवढ्यात पाहुणे म्हणाले, "माझं मी वेगळं करू का? आमच्याकडे कालवत नाहीत."

"करा की! हिरोशिमा-याकी ना?"

चिहारुने टेबलाखालून मला लाथ मारली. हा शब्द तिकडच्या माणसांना झोंबतो, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे!

"आम्ही नुसतं ओकोनोमियाकीच म्हणतो," तो म्हणाला. अगदी नम्रपणे, पण कान लाल.

"हो का! मग आम्ही इतकी वर्षं करतोय ते काय, पोटीस?"

त्याने कागदासारखं पातळ पीठ पसरलं, त्यावर कोबीचा हा एवढा ढीग, त्यावर डुकराच्या मांसाचे काप. शेजारी नूडल्स परतायला टाकल्या. जेवण करतोय की इमारत बांधतोय, कळेना. मग ढीग उलटवला आणि वरून चक्क दाबला. दाबला! आमच्या घरात दाबणं म्हणजे पाप. ह्यांच्या सख्ख्या भावाने एकदा दाबलं, तर हे आठवडाभर त्याच्याशी बोलले नव्हते.

"अहो, त्या बिचाऱ्याने तुमचं काय वाकडं केलंय?"

"कोबी बसायला हवा ना, आई."

पुन्हा आई. मी भाताचा वाडगा पुढे केला.

"ह्याच्याबरोबर भात?" त्याचे डोळे मोठे झाले. "नको, फार होईल."

म्हणजे नूडल्सचा डोंगर चालतो, मूठभर भात जड होतो. असो.

इमारत नूडल्सवर चढवायची वेळ आली, तशी ती कलली. चिहारु पटकन उठली आणि माझ्याकडे न बघताच हात पुढे केला. "आई, तो दुसरा हेरा दे गं. लवकर!"

माझा हात तिथेच थांबला. उलथन्याला आम्ही कोते म्हणतो. चिहारु बोलायला लागली तेव्हापासून कोतेच म्हणत आली. हेरा म्हणतात ते हिरोशिमात.

तिच्याही लक्षात आलं. डोंगर कोसळला, नूडल्स टेबलभर. कोणी उचलल्या नाहीत.

"ठरलं नाही म्हणत होतीस ना?" मी म्हटलं. "तुझ्या जिभेचं तर ठरलंय."

"एप्रिलपासून हिरोशिमालाच राहणार," ती हळूच म्हणाली. "सांगायचं धाडस होत नव्हतं गं."

मला राग आला. रागापेक्षा रडू जास्त आलं, पण ते ओकिमोतोसमोर? छे! मी पडलेलं गोळा केलं, ताटलीत घेतलं, सॉस ओतला आणि खाल्लं. चांगलं झालं होतं. नेमकं चांगलंच व्हायचं होतं त्याला! ओकिमोतोने मुकाट्याने भाताचा वाडगा ओढला आणि शेवटच्या शितापर्यंत संपवला.

निघताना मी ह्यांचं कोते वर्तमानपत्रात गुंडाळून चिहारुच्या हातात दिलं. लाकडी मूठ ह्यांच्या हाताने काळी पडलेली.

"ने. पण ह्याला हेरा म्हणालीस, तर परत आणून द्यायचं."

चिहारुने डोळे पुसले. "मग रोज हेराच म्हणणार. परत द्यायला यावं लागेल ना!"

कार्टी! तोंड तरी अजून ओसाकाचंच आहे.