गोल पिनचं काय करायचं?

मित्रांनो, तुमच्या खणात अगदी तळाशी वेटोळं होऊन काहीतरी पडलेलं असतं ना, त्यातलाच मी. लॅपटॉपचा गोल पिनचा चार्जर. बेंगळुरूत बनशंकरीला सुब्बारावांच्या घरी राहतो. त्यांची मुलगी भव्या इंजिनिअर झाली ती माझ्या विजेवर. तेव्हा मला केवढा मान होता! मी दिसलो नाही की सगळं घर धुंडाळलं जायचं.

मग चपट्या पिनची वायर आली. फोन, लॅपटॉप, इअरफोन, सगळ्यांना तीच चालते. मला फार राग आला. पण वायरींचा गुंता गेला आणि घर मोकळं झालं, हेही मी पाहिलं. मग रागवायचं कुणावर? भव्याने जुन्या लॅपटॉपसकट मला भंगाराच्या पिशवीत भरलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, तिच्या आईने, तुंगाबाईंनी, आम्हाला बाहेर काढलं. "इतकी वर्षं राबलेत बिचारे. जाताना पूजा नको का?" तराजू, कात्री आणि नवा लॅपटॉप यांच्या ओळीत आम्हीही बसलो. माझ्या पाठीवर कुंकू लागलं. नव्या लॅपटॉपला मात्र, वीज आत जाते तिथंच लावावं म्हणून, त्यांनी ओलं कुंकू थेट चार्जिंगच्या पोर्टात भरलं. पूजेला मांडलेलं दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, त्यामुळे ते आत छान वाळलं.

दसऱ्याच्या सकाळी भव्याची ऑनलाइन मुलाखत होती. चार्जर बनवणारी परदेशी कंपनी. त्यांना कुठला दसरा? आधीची नोकरी सुटली होती, त्यामुळे तिची सगळी भिस्त या मुलाखतीवर. नव्या लॅपटॉपची बॅटरी संपलेली आणि वायर आत जाईना.

"अम्मा, काय केलंस हे!"

"स्वल्प थांब गं, काडीनं काढते."

"नको, मोडेल! अण्णा, तो जुना द्या इकडं!"

"सरी, सरी," बरं बरं म्हणत सुब्बारावांनी आम्हाला तिच्यापुढे ठेवलं. जुन्याची बॅटरी कधीच गेली आहे. माझी पिन जरा हलली की तो बंद पडतो. म्हणून भव्या एका हाताने माझी मान धरूनच बोलत होती.

शेवटी कंपनीवाल्यांनी विचारलं, सगळे लॅपटॉप पूर्णपणे एकाच पिनवर यावेत का? जुन्या पिना बंदच कराव्यात?

भव्याने खाली माझ्याकडे पाहिलं. बोटं आणखी घट्ट केली. "हो, पूर्णपणे," ती म्हणाली आणि कारणं सांगू लागली. कारणं चोख होती. मला एकही खोडता येईना. मला वाईट वाटलं, आणि तिचं कौतुकही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं, ते मला अजून उमगलेलं नाही. मी वीज तेवढी तुटू दिली नाही.

तिला नोकरी मिळाली. मला ठेवायचं की भंगारात द्यायचं, यावर घरात एकमत नाही, माझंही नाही. मित्रांनो, तुम्हीच काय ते ठरवा. फक्त तुमच्याकडच्या जुन्या चार्जरला मानेशी आवळून गुंडाळू नका. आमची वायर तिथंच तुटते, आणि मग ऐन वेळी आम्हाला साथ देता येत नाही.