दोनशे चौदा नंबरचा केसपेपर

तक्रार अकरा पानांची होती आणि तिला नऊ मृत्यूचे दाखले जोडलेले होते. जळगावच्या जुन्या भागातल्या इंदिराबाई धर्मार्थ दवाखान्यात मेलेल्या माणसांच्या नावाने औषधे दिली जातात, असे तक्रारदाराचे म्हणणे होते. धर्मादाय कार्यालयातले निरीक्षक प्रशील बिऱ्हाडे याने दाखले आणि दवाखान्याच्या रजिस्टरचे फोटो शेजारी ठेवून एकेक नाव ताडून पाहिले. नऊच्या नऊ जुळली. त्यातली एक बाई २००३ साली वारली होती आणि गेल्या महिन्यात तिने खोकल्याचे औषध नेले होते.

प्रशीलला एक गोष्ट खटकली. नऊही नावे बायकांची होती. खोटे रुग्ण दाखवणारा एखादा पुरुषही दाखवील. त्याने समासात प्रश्नचिन्ह काढले आणि फाइल बंद केली.

तक्रारदार ललित धुळ्याचा, इमारती बांधणारा. दवाखान्याला जागा देणाऱ्या इंदिराबाईंच्या दिराचा पणतू, म्हणून कायदेशीर वारस. त्याला या प्रकरणात एवढा रस का, हे दवाखान्याच्या भिंतीवरच लिहिलेले होते. १९१८च्या तापाच्या साथीत धरणगावच्या कापसाच्या जिनच्या मालकाची ही बायको महिन्याभरात नवरा आणि मुलगी दोघांना मुकली. तीन वर्षांनी तिने जळगावातली जागा दवाखान्याला दिली आणि दारातल्या दगडावर अट कोरून घेतली: दार रोज दुपारी बारापर्यंत उघडे राहील, ज्या दिवशी एकही रुग्ण औषध घेऊन जाणार नाही, त्या दिवसापासून जागा वारसांकडे परत जाईल. त्या काळी शहराबाहेर असलेली ही जागा आता भर बाजारात आली आहे.

म्हणजे एक रिकामा दिवस सिद्ध झाला की दवाखाना संपला. ललितला तो दिवस हवा होता. प्रशीलच्या अहवालावर ते ठरणार होते.

सोमवारी साडेनऊला प्रशील न कळवता दवाखान्यात गेला. डॉक्टर रूपाली आठवड्यातून तीनच दिवस येत, सोमवार त्यांचा नव्हता. बाकी सगळे कंपाउंडर तोताराम पाहायचा. वय चौऱ्याहत्तर, नोकरी बावन्न वर्षांची, बिऱ्हाड दवाखान्यामागच्या खोलीत. ओळखपत्र पाहून त्याने खुर्ची पुढे केली, पण नजरेला नजर दिली नाही. प्रशीलने तेही टिपून ठेवले.

बाकावर सात जण होते. एका बाईने पिशवीतून काचेची बाटली काढून खिडकीत ठेवली. तोतारामने ती विसळली, लाल औषध भरले, डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवली आणि रजिस्टरात नाव लिहिले. प्रशील खांद्यावरून वाचत होता. नाव कुंदाबाईचे होते. कुंदाबाई हा तक्रारीतला चौथा दाखला.

त्याने त्या बाईला नाव विचारले. कोकिळा, ती म्हणाली. मग कुंदाबाई कोण? सासू. वारून चौदा वर्षे झाली. आणि औषध तिच्या नावावर का?

"सासू गयी, पण बाटली तिनीच शे," कोकिळा म्हणाली. प्रशीलच्या चेहऱ्याकडे पाहून तिला हसू आले. "साहेब, मरेल माणूसले खोकला कसाले व्हई? खोकला मना शे," तिने स्वतःकडे बोट केले. "नाव सासूनं शे."

बाकावरचे दोघे-तिघे हसले. तोताराम हसला नाही. त्याने कपाटातून एक जाड वही काढून प्रशीलसमोर ठेवली आणि बोट ठेवून म्हणाला, "ते नाव घरनं शे, माणूसनं नही."

इथे केसपेपर माणसाचा नसे, घराचा असे, आणि तो घरातल्या बाईच्या नावाने निघे. नियम इंदिराबाईंचा. साथीत लोक घरातल्या पुरुषांसाठी औषध न्यायचे, बायका शेवटपर्यंत पडून राहायच्या. स्वतःची मुलगी तशीच गेली, असे तिचे म्हणणे वहीच्या पहिल्या पानावर कोणीतरी उतरवून ठेवले होते. म्हणून औषध कोणालाही लागो, घरच्या बाईला विचारल्याशिवाय मिळायचे नाही. ती बाई गेली तरी नंबर चालू राही. नाव बदलायची पद्धत कधी पडलीच नाही.

प्रशीलने ऐकून घेतले, पण मानले नाही. अशा गोष्टी तपासणीच्या वेळीच सुचतात, हा त्याचा अनुभव होता. वहीतले दहा नंबर त्याने स्वतः निवडले आणि दोन दिवस त्या दहा घरी फिरला. दोन घरे नशिराबादला निघाली. दहाही ठिकाणी बाटली होती, आणि दहाही ठिकाणी घरच्यांनी रजिस्टरातलेच नाव न अडखळता सांगितले. एका घरी ते सांगण्याआधी सुनेने डोक्यावर पदर घेतला.

गुरुवारी ललित कार्यालयात आला. दाखल्यांचा मुद्दा टिकत नाही, असे प्रशीलने त्याला सांगितले. ललित चिडला नाही. तो इतका शांत राहिला की प्रशीलला पुढचे वाक्य येणार हे कळले.

"साहेब, तुम्ही २०२०चं रजिस्टर पाहिलंत का?" तो म्हणाला. "दानपत्राने मला वर्षातून एकदा रजिस्टर पाहायचा हक्क आहे. तेवढं एक मला कधी दाखवलं नाही."

प्रशीलने तोतारामला फोन केला. रजिस्टर वाळवीने खाल्ले, असे उत्तर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशील पुन्हा गेला. कपाटात सागवानी फळ्यांवर १९८४पासूनची रजिस्टरे ओळीने उभी होती. कुठे वाळवीचे भोकही नव्हते. मधले एक गायब होते.

"नाना, खोलीची किल्ली द्या," तो म्हणाला.

तोतारामने किल्ली दिली नाही. स्वतः आत गेला आणि रजिस्टर घेऊन आला. ते जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेले होते.

२२ एप्रिल ते ८ मे. रोज एकच नोंद, सतरा दिवस तीच: केसपेपर २१४, झुंबरबाई, खोकला. त्या दिवसांत गल्लीतल्या एका दुकानात करोनाचे रुग्ण सापडले होते आणि दोन्ही टोकांना बांबू बांधून ती बंद केली होती. गल्लीत दुकानेच होती, राहणारे तोतारामखेरीज कोणी नव्हते. प्रशीलने वहीत २१४ काढला. झुंबरबाई, मुलगा तोताराम.

"आई कधी वारली?"

"दोन हजार नऊ."

"आणि हा खोकला कोणाला होता?"

तोतारामने दारातल्या दगडाकडे बोट दाखवले. दार रोज उघडले, बारापर्यंत बसलो, तो म्हणाला. कोणी येऊ शकत नव्हते. बारा वाजायला आले की बाटली भरायचो आणि प्यायचो.

"खोकला होता का, एवढंच सांगा."

"नव्हता."

प्रशीलने जबाब लिहून घेतला आणि त्याखाली तोतारामची सही घेतली. अहवाल त्या संध्याकाळीच पुरा होऊ शकत होता. मुदत सोमवारची होती. पण अहवालाला दानपत्र जोडायचे होते, आणि फाइलमध्ये होती ती ललितने दिलेली टाइप केलेली प्रत. चौथ्या पानावर मजकूर तळापर्यंत गेला होता आणि खाली सही नव्हती. प्रशीलने आजवर सहीविना संपणारे दानपत्र पाहिले नव्हते.

नोंदणी कार्यालयातून त्याने मुळाची नक्कल काढली. ती मोडीत होती आणि पाच पानांची होती. शनिवारी चाळीसगावला जाऊन त्याने मोडी वाचणारे निवृत्त शिक्षक भूपेंद्र पाटील यांच्याकडून पाचवे पान वाचून घेतले. पाटील सरांनी भिंग लावून दोनदा वाचले. साथीमुळे सरकार रस्ता बंद करील तर ते दिवस मोजू नयेत, असे तिथे लिहिले होते. त्याखाली इंदिराबाईंची सही होती.

सोमवारी ललित आणि तोताराम दोघांनाही कार्यालयात बोलावले. प्रशीलने पाचवे पान वाचून दाखवले आणि गल्ली बंद केल्याचा आदेश पुढे ठेवला. सतराही दिवस त्या आदेशात बसत होते.

ललित म्हणाला की टाइप केलेली प्रत वडिलांच्या वेळची आहे, पान कधी गळले त्याला माहीत नाही. वडील कधी वारले, हे प्रशीलने विचारले. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. प्रशीलने ती प्रत उजेडाकडे धरली. अक्षरे संगणकाची होती, आणि त्या वर्षी संगणकावर टाइप करून घेता येत होते, हेही खरे. त्याने प्रत फाइलमध्ये परत लावली आणि शेऱ्यात दोन्ही गोष्टी लिहिल्या. ललित पाणी न पिता गेला.

तोताराम जागचा उठला नव्हता.

"म्हणजे मी काहीच लिहिलं नसतं तरी..." तो म्हणाला.

"तरी दवाखाना राहिला असता."

पाचवे पान त्याने बावन्न वर्षांत पाहिले नव्हते. त्याला दगड ठाऊक होता, आणि दगडावर जागा कमी होती.

खोट्या नोंदी मात्र होत्याच. त्या अहवालात येणार आणि विश्वस्त तोतारामकडे खुलासा मागणार, कदाचित त्याला घरी बसवणार, हे प्रशीलने त्याला सांगून टाकले. मग रजिस्टर उघडून लाल पेन दिले. प्रत्येक नोंदीसमोर 'रुग्ण आला नाही' लिहायचे आणि सही करायची. नाव खोडायचे नाही.

तोताराम लिहीत गेला. बावीस, तेवीस, चोवीस. अक्षर एकसारखे होते. ६ मेपर्यंत पंधरा झाल्या. ७ मे त्याने ओलांडला, ८ मेसमोर लिहिले आणि पेन खाली ठेवले.

प्रशीलने सातवर बोट ठेवले.

"तो दिन खरा शे, साहेब," तोताराम म्हणाला. "त्या दिवशी मला ताप होता."

प्रशीलने रजिस्टर आपल्याकडे ओढले. ७ मेची नोंद बाकीच्या नोंदींसारखीच होती. तेच नाव, तोच खोकला. तापाचा उल्लेख नव्हता. अक्षर किंचित तिरके वाटले. उजेडामुळेही तसे वाटत असेल. गल्लीत त्या दिवशी दुसरे कोणी नव्हते. साक्षीला फक्त बाटली होती, आणि बाटल्या रोज विसळल्या जातात.

त्याने पेन तोतारामपुढे पुन्हा सरकवले नाही. अहवालाच्या शेवटच्या परिच्छेदात लिहिले: सोळा नोंदी खोट्या आहेत. एक नोंद पडताळता आली नाही.