उचलण्याचं बळ

"पोट मध्ये येतंय तुमचं," बायको म्हणाली. तेव्हा ती पलंगावरून अर्धी उचललेली होती, तिच्या चालत्या उजव्या हाताने मागून त्याची कॉलर घट्ट धरली होती आणि चाकांची खुर्ची अजून हातभर लांब होती.

"हसवू नकोस," तो म्हणाला, आणि तेवढ्यात त्याच्या पाठीत उसण भरली. दोघं खाली बसली. बसली कसली, आदळलीच. ती त्याच्या पोटावर पडली म्हणून तिला लागलं नाही.

"बघ, आलं ना उपयोगी," तो धापा टाकत म्हणाला. ती हसली. मग दोघांच्याही लक्षात आलं, की आता उठायचं कसं हे कुणालाच ठाऊक नाही. शेजारच्या वहिनी आणि त्यांचा नवरा आले, तेव्हा कुठे ती खुर्चीत बसली.

तो रंगाच्या दुकानात कामाला होता. गिऱ्हाइकाला हवा तो रंग मशीनवर मिसळून द्यायचा आणि वीस लिटरच्या बादल्या माळ्यावर चढवायच्या, उतरवायच्या. तरुणपणी तो दोन हातांत दोन बादल्या घेऊन माळ्याचा जिना चढायचा, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. पुढे पोट सुटलं, नाव तेवढं राहिलं. आता त्यात जरा चेष्टा होती, पण तो ती खपवून घ्यायचा. बायकोची डावी बाजू अर्धांगाच्या झटक्याने गेली, तेव्हापासून तिला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत आणि पुन्हा पलंगावर नेणं हे त्याचंच काम होतं. मदतीला बाई ठेवू म्हटलं तर तिलाच नको असायचं. "परक्याच्या हातात ओंडक्यासारखं पडून राहणं मला जमत नाही," ती म्हणायची.

पडल्याची बातमी तिच्या थोरल्या भावाला कळली आणि रविवारी तो येऊन बसला.

"भावोजी, राग मानू नका, पण तुमच्याच्यानं आता हे होत नाही. एक चांगली संस्था बघून ठेवलीय. नर्सबिर्स सगळं आहे तिथे."

"दादा, मी काय सामान आहे का?" बायको म्हणाली.

"तसं नाही गं. उद्या दोघंही पडलात आणि हाड मोडलं, तर कोण बघणार?"

भाऊ वाईट माणूस असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. दोन-तीन महिने बघू आणि मग ठरवू, असं सांगून तो गेला.

घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाई तोंडावर बोलणाऱ्या होत्या. "तुमच्या पाठीवर भार यांचा नाही, तुमच्या पोटाचा आहे," त्या म्हणाल्या. "ते कमी करा. पण उपाशी राहून वाळू नका. चरबी जाऊ द्या, दंड राहू द्या."

"पोटाला आणि दंडाला वेगवेगळं कसं सांगायचं, बाई?"

बाईंनी ते नीट समजावलं. एक दिवसाआड उपास नको आणि दिवसातून एकदाच जेवणंही नको, त्याने काटा भराभर उतरेल पण तुमच्यासारख्याचे स्नायूही त्यात जायचे. आठ तासांत खायचं आणि सोळा तास पोटाला सुट्टी द्यायची. त्या आठ तासांत अंडी, डाळ, दही हात न आखडता खायचं. आणि वजन उचलत राहायचं, कारण अंग जे वापरात असतं तेच सांभाळून ठेवतं. "आठ तास कुठले ते तुम्ही ठरवा. एकदा धरलेत की मोडू नका," बाई म्हणाल्या. पुढे त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या.

ठरवणंच अवघड होतं. दुपारपासून रात्रीपर्यंत खाल्लं, तर सकाळी तिला उचलताना उपाशी पोटी हात थरथरायचे. ते त्याने दोन दिवस करून बघितलं आणि सोडलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत खाल्लं, तर कामाच्या वेळी अंगात बळ असायचं, पण रात्रीचं जेवण सुटत होतं. आणि लग्न झाल्यापासून रात्रीचं जेवण दोघांनी एकमेकांशिवाय घेतलं नव्हतं. भांडण झालं तरी ताटं शेजारीच असायची, फक्त कुणी बोलायचं नाही.

"रात्रीचं सोडा," शेवटी तीच म्हणाली. "जेवेन मी एकटी. तुम्ही समोर बसून माझ्या ताटाकडे बघणार, म्हणजे मला घास गिळायचा नाही. त्यापेक्षा गच्चीवर जा आणि काय उचलायचं ते उचला."

मग तसंच सुरू झालं. दुकानातून येऊन तो तिचं ताट वाढायचा, खुर्ची खिडकीशी लावायचा आणि गच्चीवर जायचा. तिथे रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या वाळू भरून ठेवल्या होत्या. त्या तो उचलायचा, ठेवायचा, पुन्हा उचलायचा. पोटात कावळे ओरडायचे, पण खाली आल्यावर तिचं चाटूनपुसून लख्ख ताट दिसलं की त्याला बरं वाटायचं. निदान हिचं तरी पोट भरलंय.

खिडकीच्या कट्ट्यावर वहिनींची मांजर बसलेली असायची. "हिलाही सोळा तास लावायला हवेत," तो एकदा म्हणाला. "नुसतं पिंप झालंय." बायको त्या दिवशी फार हसली.

महिन्याभरात पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. जिना चढताना लागणारी धाप कमी झाली. आणि मुख्य म्हणजे तिला उचलणं सोपं झालं. रोज थोडं थोडं सोपं होत गेलं.

"आज तर कापसासारखी आलीस," तो म्हणायचा.

"मग, पैलवान आहात ना तुम्ही," ती म्हणायची, कॉलर धरायची आणि दर वेळेसारखंच म्हणायची, "चला."

तिचा भाऊ पुन्हा आला तेव्हा पैलवानाने तिला पलंगावरून उचललं, कारण नसताना खोलीभर एक फेरी मारली आणि मग खुर्चीत ठेवलं. तिला हल्ली थंडी वाजायची, म्हणून ती शाल गुंडाळून होती. "मानलं, भावोजी," भाऊ म्हणाला, आणि संस्थेचं नाव पुन्हा निघालं नाही. त्या संध्याकाळी दोघंही परीक्षेत पास झालेल्या पोरांसारखी खूश होती.

मग एकदा दुकानात नवा माल आला. शेठ म्हणाले, "पैलवान, बळ वाढलंय म्हणे. दाखवा की जरा."

त्याने दोन हातांत दोन बादल्या घेतल्या आणि दुसऱ्याच पायरीवर त्या खाली टेकल्या. एक ठेवून एकच उचलली. ती जेवढी जड असायची तेवढीच होती. दंड राहिले होते, बाई म्हणाल्या होत्या तसे. पण वाढले नव्हते. पन्नाशी उलटल्यावर ते कुठून वाढणार? बादली तीच आणि हात तेच. मग घरी हलकं काय झालं होतं?

तो त्या बादलीवरच बसला. शेठना वाटलं, उपासाने चक्कर आली.

संध्याकाळी त्याने नेहमीसारखं ताट वाढलं, खुर्ची खिडकीशी लावली आणि तो बाहेर पडला. अर्ध्या जिन्यातून परत आला. ती चालत्या हाताने ताटातला भात आणि मासा कट्ट्यावर सारत होती. मांजर सावकाश खात होती, रोजची सवय असल्यासारखी. दाराचा आवाज झाला आणि तिचा हात थांबला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"तुम्ही गच्चीवर जायला लागलात तेव्हापासून. दुपारचं पण थोडं थोडं."

"अगं, का पण?"

"तुम्ही तुमचं कमी करत होता, मी माझं केलं." मग हलक्या आवाजात ती म्हणाली, "मला दादाच्या त्या संस्थेत नाही जायचं हो."

"मला वाटत होतं माझं बळ वाढलंय."

"माहितीय मला. किती खूश व्हायचात तुम्ही."

तो तिच्या पायाशी बसून रडला. मग उठून त्याने स्वतःचं ताट आणलं, तिच्या शेजारी बसला आणि सोळा तासांचा उपास तिथेच मोडला. तिला दोन घास गेले. तिसरा ती तोंडात घोळवत राहिली.

बाई रजेवरून परत आल्या. त्यांनी तिचा दंड चाचपला, मांडी चाचपली आणि त्याला स्वयंपाकघरात नेलं. "यांची नुसती चरबी गेली नाहीये, स्नायू गेलेत. बसून असलेल्या माणसाचे गेले, की परत आणणं फार कठीण असतं."

"माझं सगळं बरोबर चाललं होतं ना, बाई?"

"तुमचं अगदी बरोबर चाललं होतं," बाई म्हणाल्या.

त्यानंतर रोज रात्री ताटं शेजारी लागली. तो तिला भरवायचा, ती त्याला बरं वाटावं म्हणून खायची. मग तिला साधा खोकला झाला. तो छातीत उतरला. कफ बाहेर काढायचा तर जोर लावून खोकावं लागतं, तेवढं बळ तिच्यात उरलं नव्हतं. एका सकाळी तो तिला उचलायला वाकला, आणि कॉलरला हात आला नाही.

शववाहिकेची माणसं स्ट्रेचर घेऊन वर आली, पण जिन्याच्या वळणावर ते वळेना. "चौघं धरू या," भाऊ म्हणाला आणि पुढे झाला.

"नको दादा. तिला परक्या हातात आवडत नाही."

त्याने गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवली, बाईंनी शिकवली होती तशी, आणि तिला उचललं. तिचा उजवा हात सुटून खाली लोंबला. भावाने तो उचलून तिच्या छातीवर ठेवला. 'चला' म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग एकेक पायरी उतरत गेला. तीन मजले उतरून तो खाली पोचला, तेव्हा त्याला धापही लागली नव्हती.